मंगळवारचा पेशंट

१९९७ साली पक्षाघाताने गोरक्षअण्णांचा उजवा हात लुळा पडला. तो पुन्हा हलावा म्हणून श्रीगोंद्याच्या दवाखान्यातील दीपाताई त्यांना दर सोमवारी टीव्हीवरचा व्हिडिओ गेम खेळायला बसवत. पडद्यावर पडणारे चेंडू त्याच हाताने दांडी हलवून झेलायचे. खेळ संपला की ताई सहज म्हणत, "मंगळवारी येणारे काष्टीचे कोंडीराम तुमच्याच वयाचे, दुखणेही हेच, पण ते दहा गुणांनी पुढे आहेत."

न पाहिलेल्या त्या माणसाच्या मत्सराने अण्णा घरीही ताटापुढे तोच हात डावीउजवीकडे सरकवत बसू लागले.

"आवं, जेवा की!" बायको रतनबाई करवादली. "त्या कोंडीरामानं काय तुमचा बांध कोरलाय व्हय?"

तीन महिन्यांनी त्या हातात पेला राहू लागला. कोंडीराम मात्र पुढेच. अखेर त्याचे तोंड तरी पाहावे म्हणून अण्णा त्याच्या वाराला, मंगळवारी, दवाखान्यात गेले. बाकावर एक म्हातारा बसला होता.

"कोंडीराम तुमीच का? मी गोरक्ष," अण्णा तुसडेपणाने म्हणाले.



म्हाताऱ्याने त्यांना खालीवर न्याहाळले. "म्हंजी ताई दर मंगळवारी ज्याचं कवतिक सांगून मला जाळत्यात, त्यो माझ्या म्होरं गेल्याला गोरक्ष तुमीच व्हय?"