शेजारची खाट

“माझ्या नावापुढं ‘कोणी नाही’ का लिहिलंत, ताई?” संगणकात डोकावत गेनबांनी विचारलं.

सुनीती बेघर निवाऱ्यातली जुनी माहिती सरकारी अहवालाच्या नव्या रकान्यांत बसवत होती. “आजारपणात कोणाला कळवायचं, तिथं आता फक्त नातेवाईकच चालतो, काका. तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या इस्माईलचं नाव दिलं होतं.”

“मग? रात्री ढास लागली की पाणी तोच देतो. नातेवाईकांनी तर मला इथं आणून सोडलं!” गेनबा तणतणत आत गेले.

नवे रकाने नीट चालतात का हे बघायला सुनीतीने स्वतःच्याच नावाची नोंद भरली. वय, रक्तगट, पत्ता भराभर झाले. ‘कोणाला कळवायचं?’ इथे मात्र बोटं थबकली. आईचा नंबर अजून फोनमध्ये होता. फोन उचलायला आई उरली नव्हती. समोरच्या फ्लॅटमधल्यांचं तर आडनावही तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तिने ‘कोणी नाही’ निवडलं. हिरवी खूण उमटली. नोंद पूर्ण झाली होती.

आतल्या खोलीत गेनबांनी इस्माईलला हाक मारली, आणि लगेच ओ आली.