उत्तराचा ठोका

भोंगा वाजत होता आणि धाकू तरत्या गोदीच्या टाकीवर हातोडी हाणत होता. टाकीत पाणी सोडण्याआधी ठोकायचं. आत रंगकामाला कुणी असला तर तोही आपल्या हातोडीने ठोकून कळवायचा. मेव्हणा रावजी सकाळी आत उतरला होता. एव्हाना वर आला असेल ना?

समोर बाँब लागलेली युद्धनौका कलंडत होती. टाक्या भरून गोदी तिच्याखाली बुडवली आणि मग पाणी उपसून तिला उचललं, तरच ती वाचणार होती.

"शेकडो माणसं आहेत रे तिच्यावर! सोड पाणी!" तांडेल ओरडला.

धाकूने पत्र्याला कान लावला. ठोका आला नाही. त्याने व्हॉल्व्हचं चाक फिरवलं.

नौका वाचली. टाकी उपसल्यावर रावजी मेलेला सापडला. ठोकून ठोकून मुठी फुटल्या होत्या.

हातोडी धाकूच्या कमरेला होती. सकाळी त्यानेच ती रावजीकडून मागून घेतली होती.