दोन पोटांची होडी

“ही होडी नव्हे. हा तरंगता दिवाणखाना आहे,” वित्स्को म्हणाला आणि धक्क्यावरच्या बाकावरून उठलासुद्धा नाही.

बेटावरच्या बेतिना गावाच्या धक्क्याला दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या होत्या. एक साधी, एका पोटाची, तळाशी शिशाचा जड कणा असलेली. दुसरी कॅटामरान, दोन पोटांची, वर अंगणासारखा सपाट डेक. वित्स्को आणि त्याची मुलगी दानिरा यांतली एक घेऊन सप्टेंबरात अटलांटिकपार निघणार होती. दोघंच. दानिराची शाळा संपल्यापासून ते ठरलेलं होतं.

“आत मोठा फ्रिज आहे, बाबा,” दानिरा म्हणाली. “दोन न्हाणीघरं आहेत.”

“फ्रिजसाठी समुद्रावर जायचं? घरातल्याला काय झालंय? तो बुडत तरी नाही.”

“मिस्त्री, हल्ली सगळे हीच घेतात,” होड्यांचा दलाल लोव्रे म्हणाला.

“सगळे म्हणजे जर्मन दंतवैद्य. दात उपटून कंटाळले की घेतात.” वित्स्को धक्क्यावरच थुंकला. “ही उलटली की मेलेल्या झुरळासारखी पाय वर करून पडते. ती एका पोटाची उलटली तर कणा तिला पुन्हा उभी करतो. तुझ्यासारखी नाही ती, लोव्रे. तिला कणा आहे.”

वित्स्कोने चाळीस वर्षं लाकडी होड्या बांधल्या होत्या आणि त्याची परीक्षा सगळ्या बेटाला पाठ होती. होडी घेण्याआधी ती वाऱ्यात पुरती कलवायची. मग लाल वाइनचा काठोकाठ भरलेला प्याला घेऊन, कुठेही हात न टेकता, मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत चालत जायचं. सांडली तर होडी नापास. त्याच्या हातून कधी सांडली नव्हती. कॅटामरानवर ही परीक्षा घ्यायला तो तयारच नव्हता. तिथे सपाता घातलेली कुठलीही म्हातारी पास होईल, म्हणे.

दुपारी एका पोटाची होडी बाहेर काढली. वारा चांगला होता. होडी इतकी कलली की कठडा पाण्याला टेकला. लोव्रेने प्याला भरून पुढे केला. वित्स्कोने सुकाणू दोन्ही हातांनी धरलं होतं.

“मला कशाला? मला ही बघूनच कळली. हिला दे. पुस्तकं वाचून समुद्र किती समजतो ते बघू या.”

दानिरा शिबेनिक शहरातल्या ग्रंथालयात नोकरीला होती. ती डोलकाठीपर्यंत गेली आणि अर्धा प्याला पांढऱ्या डेकवर सांडला.

“पान उलटायचं राहिलं वाटतं!” वित्स्को ओरडला.

“म्हणूनच मला दुसरी हवी,” ती म्हणाली.

धक्क्याला लागल्यावर वित्स्कोने लोव्रेला कागद आणायच्या निमित्ताने पुढे पिटाळलं आणि मग स्वतः उतरला. त्याला उतरायला बराच वेळ लागला. दानिरा तेवढा वेळ खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी सुटलेली नव्हती.

रात्री लोव्रेही जेवायला होता. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळता पिळता वित्स्को म्हणाला, “तुला समुद्र नकोच आहे, दानिरा. तुला सोफा हवाय. तुझ्या वयात तुझी आई ओल्या शिडावर झोपायची.”

“हो, सोफाच हवाय. कॅटामरान घेतली नाहीस तर मी येणार नाही.”

“मग नको येऊस. आळशी कुठली!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाव आणायला गेला. परत येताना चर्चसमोरच्या बाकावर टेकला आणि तिथेच गेला. पाव अजून गरम होता.

भांडण गावाला माहीत झालं होतं. लोव्रेच्या पोटात काही राहत नसे. दफनानंतर बायका कुजबुजल्या, “शेवटच्या दिवशी फ्रिजवरून भांडली बापाशी.” दानिराला ऐकू जाईल इतपतच हळू. चांगले कपडे घालून आलेल्या त्या बायकांशी तिने एकेक करून हात मिळवले.

बाराव्या दिवशी लोव्रेचा फोन आला. ती धक्क्यावर गेली तेव्हा त्याने कॅटामरान धुऊनपुसून ठेवली होती.

“फ्रिजसुद्धा चालू करून ठेवलाय,” तो म्हणाला. “वाईट झालं खरं, पण आता अडवणारं कोणी नाही.”

दानिरा त्याच्याकडे न बघता एका पोटाच्या होडीत उतरली. “ही बाहेर काढ. आणि वाइन आण.”

खाडीच्या तोंडाशी वारा लागला. लोव्रे सुकाणूवर बसला. होडी कलली, कठडा पाण्याला टेकला. दानिराने प्याला स्वतः भरला, काठोकाठ, आणि चालू लागली. डोलकाठी मागे पडली. एक लाट खालून गेली, तिने गुडघे सैल सोडले आणि लाट जाऊ दिली. पुढच्या टोकाशी पोचली तेव्हा प्याला जसाच्या तसा होता. तिने तो समुद्रात ओतला.

“पास,” ती म्हणाली. “ही घेते. एकटीला हीच हवी.”

लोव्रेने सुकाणूवरून विचारलं, “मग त्या दिवशी कशी सांडली?”

“सांडवली.”

“अगं, इतकं येतं तर ती कॅटामरान कशाला मागत होतीस?”

दानिराने मागे वळून पाहिलं नाही. रिकामा प्याला हातात तसाच धरून ती समोरच्या पाण्याकडे बघत होती. तिने उत्तर दिलं ते मोठ्यांदा, पण लोव्रेला नाही.

“तुझे पाय कापतात, बाबा. नाताळापासून कापतात. तुला उभं राहता यावं म्हणून मागत होते.”