बिनचुलीची न्याहारी

उमाळे सरांनी पपनसाच्या फोडीवरचा पापुद्रा अलगद सोलला, वर संत्र्याचा रस पिळला, भिजवलेले बदाम पेरले आणि ताटली उंच धरली. "झाली न्याहारी! गॅस नाही, दूध नाही, साखर नाही." त्यांच्या कच्च्या आहाराच्या वर्गाला आलेल्या चाळीस बायकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांच्या आडून सरांना तोच आवाज आला, गेली तीन वर्षं फळ सोलताना रोज येणारा. "अहो, घोटभर गरम चहा द्या ना." बायकोचा. कॅन्सरची औषधं बंद करून त्यांनी तिला पाच महिने अशाच ताटल्या चारल्या होत्या. चहा शेवटपर्यंत दिला नाही, उलट तिलाच झापलं, "तुझा विश्वास कमी पडतो!" ती गेली तरी वर्ग चालूच ठेवला. बंद केला असता तर तिला कोणी मारलं ते कबूल करावं लागलं असतं.

मागून एक बाई उठली. "सर, तुमचं ऐकून ह्यांचं केमो थांबवलं. संत्री खातात बिचारे, पण चहासाठी लेकरासारखे रडतात. काय सांगू त्यांना?"

विश्वासाचं जुनं वाक्य सरांच्या ओठांवर आलंच होतं. ते त्यांनी गिळलं आणि सुरी खाली ठेवली. "घरी जा, ताई. आधी चहा करून पाजा, मग आजच्या आज हॉस्पिटल गाठा. माझं ऐकून माझी बायको मेली."

बाई चप्पल हातात घेऊनच पळाली. हळूहळू हॉल रिकामा झाला. सरांनी सवयीने पुढची फोड हातात घेतली.

"अहो," आवाज आला, "आणि माझा चहा?"