पोचायचे राहिलेले निरोप

गाडी दारात येऊन दहा मिनिटं झाली, तरी वैदेही खाली उतरली नव्हती. रेखाताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. फोन कानाला नाही, गाडीत दुसरं कोणी नाही, आणि लेकीचे ओठ मात्र हलताहेत. रोज हेच.

"ही बोलते तरी कोणाशी?" त्यांनी जावयाला विचारलं.

"आई, तुम्ही एफबीआयमध्येच जायला हवं होतं," अमेय लॅपटॉपवरची नजर न उचलता म्हणाला.

दहा वर्षांची अनया सोफ्यावरून म्हणाली, "आजी, शी नीड्स हर स्पेस."

स्पेस रेखाताईंना कळत होती. पण स्पेसशी कोणी बोलतं का?

वैदेही अमेरिकेत श्रूजबरीजवळच्या एका हॉस्पिटलात सोशल वर्कर होती. कोविड आल्यापासून नातेवाइकांना आत सोडत नव्हते. ते घरून फोन करून वैदेहीला निरोप सांगत. मग ती गाउन, मास्क चढवून पेशंटच्या कानाशी जाई आणि तो निरोप सांगे. एवढं रेखाताईंना माहीत होतं.

महिन्यापूर्वी त्यांनीही तिच्याकडे एक निरोप दिला होता. फेब्रुवारीत त्या नागपूरहून लेकीकडे आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. सप्टेंबरात तिकडे त्यांचे यजमान उल्हासराव हॉस्पिटलात दाखल झाले. तिथल्या नर्सच्या फोनवर वैदेहीच बोलायची. एका सकाळी ती कामाला निघाली तेव्हा रेखाताई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, पेटी विकू नका. मी आल्यावर ऐकेन." अडतीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या बेसूर पेटीला नावं ठेवली होती. निघतानासुद्धा, मी परत यायच्या आत ती विकून टाका, असं बजावून आल्या होत्या.

संध्याकाळी वैदेही म्हणाली, "सांगितलं गं. बाबा खूप हसले."

रेखाताईंनी मान डोलावली आणि त्या लवकर झोपायला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वैदेहीने त्यांना जवळ बसवून बाबा गेल्याचं सांगितलं. पेटीचा विषय नंतर दोघींपैकी कोणीच काढला नाही.

आज मात्र रेखाताईंना राहवेना. रिसायकलिंगचा निळा डबा ओढत त्या बाहेर गेल्या आणि गाडीच्या मागे उभ्या राहिल्या. काच चार बोटं खाली होती. वैदेही हळू आवाजात इंग्रजीत बोलत होती. आधी एखादं नाव, मग एक वाक्य, मग थोडं थांबणं. कोणाचा तरी कुत्रा पुन्हा जेवायला लागला होता. कोणाच्या तरी मुलीला नोकरी लागली होती. कोणाच्या तरी बायकोला हरवलेला चष्मा सापडला होता.

मग एकदम मराठी आलं.

"बाबा, आई म्हणते, पेटी विकू नका. ती आल्यावर ऐकणार आहे."

रेखाताईंच्या हातून डबा सुटला. वैदेही दचकून वळली.

"आई! कधीपासून उभी आहेस?"

"कुत्र्यापासून."

वैदेहीला हसू आलं, पण ते लगेच मावळलं. "काही निरोप घेऊन मी जाते, तर बेड रिकामा असतो गं. परत तरी कोणाला करू? घरात आणायचे नाहीत, म्हणून इथेच सांगून टाकते. एकदा सांगितला की संपला."

"आणि आपला?"

"तो संपत नाही. रोज सांगते." वैदेहीने स्टिअरिंग घट्ट धरलं. "आई, मी तुझ्याशी खोटं बोलले. त्या दिवशी मी फोन केला, तेव्हा बाबा आधीच..."

रेखाताई गाडीला वळसा घालून गेल्या आणि पलीकडचं दार उघडून शेजारी बसल्या.

"मास्क लाव आधी," वैदेही रडत रडतच म्हणाली.

त्यांनी पदर नाकाला लावला. "माहितीये मला. त्या दिवशी दुपारीच तुझ्या काकांचा फोन येऊन गेला होता."

वैदेही बघतच राहिली. "मग संध्याकाळी मी ते सगळं सांगत होते, तेव्हा तू गप्प का बसलीस?"

रेखाताई समोरच्या बंद गॅरेजकडे बघत म्हणाल्या, "तू त्यांना इतकं छान हसवलं होतंस."