राजमा तयार आहे

घोटलेला राजमा म्हणजे आईचा जीव की प्राण. पण तास न् तास ढवळत उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून धाकट्या मुलाने तिला घरच्या वाय-फायवरून आपल्या मोबाइलला जोडलेला स्लो कुकर आणून दिला. सकाळी भिजलेला राजमा त्यात टाकायचा, आठ तासांनी तो लोण्यासारखा मऊ होतो, मग डावाने घोटून लसणीच्या फोडणीत परतायचा.

मऊ झाला की धाकट्याच्या फोनवर अक्षरं उमटायची, 'राजमा तयार आहे.' म्हणजे आई उठली, ओट्याशी गेली, आता पोटभर जेवेल. मग "जेवलीस का गं?" विचारणारा त्याचा रोजचा फोन आधी रविवारावर गेला आणि पुढे राहूनच गेला. "आईवर माझं बारीक लक्ष असतं," तो ऑफिसात खिसा थोपटून सांगायचा.

एका संध्याकाळी वाट वाकडी करून तो आईकडे गेला. जिना चढतानाच खिशातला फोन वाजला. राजमा तयार होता. ऐन वेळेला आलो म्हणत तो थेट स्वयंपाकघरात शिरला. ओट्यावर कुकरच्या जागी अर्धा पाव आणि चहाचा एक कप होता.

"कुकर कुठंय गं?"

"तो होय? भिंतीपलीकडच्या शेजारणीला दिला. तिच्याकडे खाणारी सहा तोंडं आहेत. इथं एकटीसाठी कोण घोटत बसतं?"

"कधी दिलास?"

 

"झाले की सात महिने. तुझा फोन आला की सांगणार होते."