पत्रा अजून तयार नाही

८०

"हात नका लावू, सुकलूभाऊ," नागसेन म्हणाला, पण तोवर सुकलूचा तळवा बोनेटवर टेकला होता.

झालं. माणसाच्या हाताला तेल असतं आणि तेलावर रंग धरत नाही. जुना रंग, गंज, सगळं खरवडून उघडा केलेला तो पत्रा नागसेननं थिनरच्या फडक्यानं पुसला. एवढ्यानं भागलं असतं. त्यानं बोनेट उजेडात तिरपं धरलं आणि ऐंशी नंबरच्या खरखरीत घासपेपरानं पहिल्यापासून घासायला घेतलं.

"आज प्रायमर मारशीन न?" सुकलूनं विचारलं. ब्रह्मपुरी-आरमोरी रस्त्यावर त्याची जीप बोनेटाविना धावत होती. स्टँडवरचे ड्रायव्हर विचारत, भाऊ, गाडी पोट उघडं टाकून काऊन फिरवता?

"नागपूरच्या शोरूममंधी अशी घाई नाई करत," नागसेन म्हणाला.

हे वाक्य त्याला फार आवडे. दुकानाच्या पाटीवरही त्यानं 'नागपूर रिटर्न' असं लिहून घेतलं होतं, जणू नागपूर दुबईच्या पलीकडे होतं.

१८०

धानाच्या बांध्यांवरून दमट हवा आली. सकाळी पत्र्यावर तांबूस गंज. घासला.

जीपा गेल्या, धूळ बसली. घासला.

शेजारी आशाबाईंनी फोडणी दिली. तेलाची वाफ उडते, जरा थांबा, असं सांगायला तो स्वतः गेला.

"तुह्या पत्र्यासाठी मी उपाशी राहू का बे?" आशाबाई म्हणाल्या.

घासला.

जाणकार माणूस. एखाद्या अडाण्याला यातली एकही अडचण सुचली नसती आणि त्याचा प्रायमर कधीच वाळला असता.

३२०

तीनशेवीसच्या बारीक पेपरानं पत्रा आरशासारखा झाला. त्यात नागसेनला स्वतःचा चेहरा दिसला. हुशार वाटला. मग आठवलं की इतक्या गुळगुळीत पत्र्यावर प्रायमर टिकत नाही. त्याला धरायला ओरखडे लागतात.

पुन्हा ८०

रिना दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. ही खोली तिची होती. दुकानासाठी तिनं शिलाई मशीन स्वयंपाकघरात ढकललं होतं, म्हणजे नागसेन घरी राहील, नागपूरहून सणावारापुरता येणार नाही. सुकलूचं बोनेट बघून बाकीचे जीपवाले येणार होते. सध्या ते सुकलूची उघडी जीप बघत होते.

"आज नाई झालं तर मी हे वापस नेतो," सुकलू सांगून गेला. "जसं आहे तसं लावतो."

"हवा पाहा लागते, भाऊ," नागसेन त्याच्या पाठीला म्हणाला.

 रिनानं जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली. दाराला ओली चादर टांगली. आशाबाईंना घरचाच डबा नेऊन दिला, म्हणजे त्यांची चूल बंद. नवऱ्याच्या हातातला घासपेपर काढून घेतला, पत्रा पुसला, तोही बोट न लावता. जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून प्रायमर गाळला, स्प्रे गनच्या डब्यात ओतला, कॉम्प्रेसर चालू केला आणि गन त्याच्या हातात दिली.

"घ्या. आता का रायलं?"

ऊन कडक होतं. धूळ नव्हती. नागसेननं बोनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. त्याला एकही खोट सापडेना. एवढा विश्वासघात पत्र्यानं त्याचा आजवर केला नव्हता. त्यानं गनचं तोंड बघितलं, मग नळी, मग पुन्हा तोंड.

"नागपूरले..." तो म्हणाला.

"हो, नागपूरले जसं करत होते तसंच करा."

कॉम्प्रेसर भरून आपोआप बंद पडला. 

"नागपूरले गन दुसराच मारे," नागसेन म्हणाला. "मले निस्तं घासाले ठेवलं होतं."